सतरा वर्षांखालचे भाऊसाहेब

भाऊसाहेबांच्या मते माणूस सतरा वर्षांचा झाला की संपला. पुढे तो नोकरी करतो, लग्न करतो, घर बांधतो, ते सगळं आपलं जागा अडवून बसणं.

देवासला त्यांच्याकडे वरची खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी मला पगार विचारला नाही. आमच्या माळव्यातल्या मराठी माणसाला भेटल्या-भेटल्या सुचणारा प्रश्न, "कुठल्या घरातले आपण?", तोही विचारला नाही. मी नमस्कार केला, तर त्यांनी हात पुढे केला. मी हात दिला, तर त्यांनी मनगट धरलं, अंगठ्यानं इकडेतिकडे दाबून बघितलं आणि म्हणाले, "एकोणतीस?"

"एकतीस," मी म्हणालो.

"एकूण एकच. वर टाकी आहे, भिया. मोटर सकाळी मंडळी लावतील."

मंडळी म्हणजे घरात चारपाच माणसं असतील असं मला वाटलं. होती एकच, त्यांची बायको. भाऊसाहेबांची मराठी ही अशी, दरबारी, पणजोबांच्या पेटीतून काढल्यासारखी, आणि तिच्यातच मधे 'भैया'चा माळवी 'भिया' घातलेला. मीही धारचा, आमच्याही घरी अर्धी हिंदी न अर्धी मराठी चालते, पण बायकोला मंडळी म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्यांना गावासारखं भाऊसाहेबच म्हणायला लागलो आणि मंडळींना काकू. दोन वर्षांसाठी म्हणून राहायला गेलो होतो. अजून तिथेच आहे.

मनगटाचं मला मागाहून कळलं. सतरा वर्षांखालच्या संघात थोराड पोरं घुसू नयेत म्हणून मनगटाच्या हाडाची तपासणी करतात, हे भाऊसाहेबांनी वाचलं होतं. ते खरंच आहे. पण ते काम यंत्रानं होतं. भाऊसाहेब अंगठ्यानं करायचे. गल्लीत, बँकेत, लग्नात, जिथे हात मिळेल तिथे. एकदा सरदारपूरच्या कोणत्याशा मंडळानं त्यांना सतरा वर्षांखालच्या स्पर्धेला प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. मंडळाला वाटलं निवृत्त साहेब आहेत, नारळ फोडतील, दोन शब्द बोलतील. भाऊसाहेब ओळीनं दोन्ही संघांची मनगटं दाबत गेले आणि एका सेंटर फॉरवर्डपाशी थांबले. मनगट सोडीनात.

"आपल्याला मुलं किती?" त्यांनी अगदी आदरानं विचारलं.

"दो हैं साब," तो बिचारा बोलून गेला. "छोटी अभी चलना सीखी है."

स्पर्धा तिथेच बसली. मंडळाच्या अध्यक्षांनी आम्हाला चहासुद्धा न पाजता गाडीत बसवलं. भाऊसाहेबांना त्याचं काहीच वाटलं नाही. परतीच्या वाटेवर धारपर्यंत एवढंच म्हणत होते, की पोरगा खोटं बोलला नाही, खेळाडू चांगला असणार.

ते पाणीपुरवठा खात्यात होते. त्यांचं घराणं दरबाराबरोबर इकडे आलेलं, थोरल्या पातीचं. काकूंचं माहेर धाकट्या पातीचं. बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं, की देवास गाव एकच पण राज्यं दोन होती, रस्त्याच्या या अंगाला एक राजा आणि त्या अंगाला दुसरा. राज्यं गेली, राजे गेले, पण या नवराबायकोत सीमेचा वाद अधूनमधून निघायचा. काकू म्हणायच्या, "आमच्या पातीत असं बोलत नसत." की भाऊसाहेब गप्प.

भारताचा सतरा वर्षांखालचा फुटबॉल संघ हे त्यांचं दैवत. मुलांचा, आणि मुलींचाही. मोठ्यांच्या संघाचा सामना असला तर ते टीव्ही बंद करून भाजी निवडायला बसत. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मोठ्यांना पगार असतो. पोरांकडे नुसतं वय असतं, आणि तेही जात असतं." खेळाडूनं वयाची रेघ ओलांडली, की कितीही गुणी असला तरी त्याचं नाव तोंडातून उतरलं. एक पोरगा पुढे मोठ्या संघात गेला, वर्तमानपत्रात फोटो आला. मी कौतुकानं दाखवला. भाऊसाहेबांनी चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "हो, होता. चांगला होता." माणूस वारल्यावर बोलतात तसं.

स्वतः ते तरुणपणी कुठल्याशा निवडीसाठी महूला गेले होते आणि परत आले होते. यापलीकडे त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत आणि मीही खणत बसलो नाही.

सामना बघायची त्यांची पद्धत होती. आंघोळ, इस्त्रीचा सदरा, पाय जमिनीला. टीव्हीचा आवाज बंद. कारण निवेदक सारखे सांगतात की समोरचे खेळाडू उंच आहेत. "उंचीचं काय कौतुक, भिया? निलगिरीची झाडंही उंच असतात." राष्ट्रगीताला मात्र आवाज मोठा, आणि सगळ्यांनी उभं राहायचं. गोल खाल्ला की नुसतं "हं" म्हणायचे. मी तिथे बसून इतके "हं" ऐकलेत की विचारू नका. पोरांचे बरेचसे सामने टीव्हीवर लागतच नसत. मग ते मोबाइलवर शोधायचं काम माझ्याकडे. कुठे उझबेकिस्तानात सामना, चित्र हललं की थांबलं, थांबलं की हललं, आणि मागून भाऊसाहेबांचा आवाज: "बघा, आता काय झालं ते बघा." मी काय बघणार, डोंबल!

संघानं पूर्वी काय काय केलं हे त्यांना घरच्या भानगडींसारखं माहीत होतं. फार वर्षांपूर्वी बँकॉकला आशियातल्या तरुणांच्या स्पर्धेत भारत आणि इराण अंतिम सामन्यात बरोबरीत सुटले आणि कप दोघांत वाटला. लोकांना हे माहीत नसतं, आणि सांगितलं तर हसतात, कप काय वाटायची वस्तू आहे? भाऊसाहेबांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. "देवासच्या माणसाला काय सांगता? आमच्याकडे रस्ता वाटला होता." आणि मग हळूच, "अर्धा अजून इराणकडे आहे."

आता मुख्य भानगडीकडे येतो.

काकू दर चातुर्मासात काहीतरी सोडायच्या. कधी वांगं, कधी गूळ, कधी पानावर मीठ वाढून घेणं. चार महिने नेम पाळायचा आणि मग त्याचं उद्यापन करायचं. आमच्या बायका करतातच. सतरा वर्षांखालच्या मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशात झाली तेव्हा नेमका चातुर्मास होता. पहिला सामना अमेरिकेशी. हरलो. भाऊसाहेबांनी तीनदा "हं" केलं, उठले, हातपाय धुतले, देवापुढे पाणी सोडलं आणि म्हणाले, "शेव सोडली."

माळव्यात शेव सोडणं म्हणजे काय, हे माळव्यातच कळतं. आमच्याकडे शेव भाजीवर, शेव पोह्यांवर, शेव नुसती, आणि काही नसेल तर शेवेचीच भाजी. काकू म्हणाल्या, "चार महिने?"

"पोरं जगाच्या मैदानावर एक सामना जिंकेपर्यंत. एका पराभवाला एक पदार्थ सोडायचा, एका विजयाला एक परत घ्यायचा. परत कोणता घ्यायचा, ते तुम्ही ठरवा."

दुसरा सामना कोलंबियाशी. त्यात आपल्या पोरानं डोक्यानं गोल मारला, जागतिक स्पर्धेतला आपला पहिला. भाऊसाहेब खुर्चीतून उठले. सामना चालू असताना उठलेलं मी त्यांना तेव्हाच पाहिलं. ते परत बसेपर्यंत कोलंबियानं दुसरा मारला. रात्रीच्या जेवणाला मोठा न्यायनिवाडा झाला. हरलो हे खरं, पण गोल झाला हेही खरं. शेवटी त्यांनी आंबा सोडला, पण नुसता पिका. कैरी ठेवली. तिसरा सामना घानाशी, त्यात जिलबी गेली.

मग धारला माझ्या चुलतभावाच्या लग्नात पंगतीत माझे काका ताटली घेऊन त्यांच्यामागे लागले. "भाऊसाहेब, एक तरी. गरम आहे."

"घाना," भाऊसाहेब म्हणाले.

काका वाढायचे थांबले. नंतर मला बाजूला घेऊन विचारतात, "हे घाना म्हणजे शुगरचंच काहीतरी असतं का रे? कुठे दाखवतात ते?"

पाच वर्षांनी मुलींची जागतिक स्पर्धाही आपल्याकडेच आली, आणि पुन्हा चातुर्मासातच. पहिला सामना पुन्हा अमेरिका. आठ-शून्य. पहिल्या चारपर्यंत "हं" आले, मग ते पण बंद झाले. आठ गोलांना काहीतरी भारी जायला हवं म्हणून त्यांनी पोहे सोडले. गल्लीत बातमी पसरली तेव्हा लोक बघायला आले, खोटं नाही सांगत. मोरोक्कोला साबुदाणा गेला, म्हणजे एकादशीला काकूंची पंचाईत. आणि शेवटच्या सामन्यात ब्राझीलनं पाच मारले, तेव्हा भाऊसाहेबांनी चहा सोडला.

पोह्यांवरून माझं लग्न मोडता मोडता राहिलं. छत्तिसाव्या वर्षी बदनावरचं एक स्थळ आलं. वडील मंडीत सोयाबीनचा व्यापार करतात. माझे वडील नाहीत, तेव्हा वडीलधारे म्हणून भाऊसाहेबांना नेलं. ही माझी अक्कल. मुलीनं कांदेपोहे आणले, सगळ्यांच्या हातात बश्या दिल्या, भाऊसाहेबांनी बशी तशीच टेबलावर ठेवली. मुलीचे वडील म्हणाले, "घ्या ना साहेब." भाऊसाहेब म्हणाले, "नको." दोनदा आग्रह झाला, दोनदा नको झालं. बघायला आलेल्या वडीलधाऱ्यानं पोह्यांना हात लावला नाही म्हणजे मुलगी नापसंत, याला दुसरा अर्थच नाही. मुलीची आई पदर सावरत आत निघाली.

"काही चुकलं का आमचं?" वडिलांचा आवाज चढला होता. "साफ बोल दो भिया, हम भी मराठे हैं."

"आपलं काही नाही," भाऊसाहेब शांतपणे म्हणाले. "अमेरिकेशी आठ-शून्य हरलो. मुली."

तो गृहस्थ एकदा माझ्याकडे बघे, एकदा पोह्यांकडे. मी सगळं सांगत बसलो, शेव, आंबा, घाना, आणि सांगताना माझं मलाच ते इतकं वेडगळ वाटायला लागलं की घाम फुटला. दाराआडून मात्र हसू ऐकू आलं. ती हसणारी आता माझी बायको आहे. ती म्हणते, तू एकटा आला असतास तर मी नाहीच म्हणणार होते.

लोक हसायचे, मीही हसायचो. काकू हसायच्या नाहीत. कारण बाकी सगळं ठीक होतं, चहा ठीक नव्हता.

भाऊसाहेब आणि काकू पहाटे उठून मागच्या पायरीवर बसून चहा प्यायचे. लग्न झाल्यापासून. वरून मला दोन पांढरी डोकी दिसायची. बोलणं म्हणाल तर फारसं नाही, मोटर लावली का, दूधवाला आला का, असलंच. दिवसभर भाऊसाहेब त्यांच्या उझबेकिस्तानात आणि काकू स्वयंपाकघरात. एकत्र असा तो चहाच. चहा सोडल्यावरही ते पायरीवर जाऊन बसायचे, हातात गरम पाण्याचा पेला घेऊन. पण चहा एकीचाच. काकू एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या, "एकटीनं प्यायचा म्हणजे औषध घेतल्यासारखं वाटतं गं. हे शेजारी पाणी पीत बसतात, जसं मी काही गुन्हा करते आहे." परत कोणता पदार्थ घ्यायचा, ते ठरवायचा हक्क त्यांच्याकडे होता. त्यांनी केव्हाच ठरवलं होतं: चहा. एक सामना, बस. जगाच्या मैदानावर एक सामना.

त्यासाठी त्या फुटबॉल शिकल्या. साठी उलटलेली बाई, ऑफसाइड म्हणजे काय ते मला जिन्यात अडवून विचारायची. मी हातवारे करून सांगितलं. "म्हणजे बॉल यायच्या आधी जाऊन उभं राहायचं नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे. पंगतीतही वाईट दिसतं." टेकडीवर देवीला गेल्या की मागणं एकच. बरोबरच्या बायका नातू मागायच्या, ह्या जागतिक स्पर्धेची पात्रता. सामन्याला भाऊसाहेबांच्या शेजारी मोडा, म्हणजे वेताचं बुटकं आसन, घेऊन बसायच्या आणि त्यांचा "हं" निघायच्या आधी यांचा "अगं बाई" निघायचा. गोलकीपरवर त्यांचा फार जीव. "किती लहान आहे रे तो. कोणी जेवायला घालतं का त्याला?"

पण आपला संघ जागतिक स्पर्धेला पोचतच नव्हता. पोचायलाच नाही तर जिंकणार कसा? आधी आशियात पात्र व्हायचं, मग आशियात पुढे जायचं, मग जग. कधी एका गुणानं हुकायचं, कधी गोलांच्या फरकानं. भाऊसाहेबांचं वजन कमी झालं. भोपाळला दिलेली लेक यायची आणि चिडायची, "बाबा, हा काय हट्ट आहे?" भाऊसाहेब म्हणायचे, "हट्ट नाही, नेम आहे." लेक आईकडे बघायची. काकू पोळ्या लाटत राहायच्या.

आणि गेल्या वर्षी अहमदाबादला आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत मुलांची गाठ इराणशी पडली. जिंकलं तरच पात्र. मी, माझी बायको, काकू, सगळे खाली. भाऊसाहेबांचा सदरा इस्त्रीचा. आधी इराणनं एक मारला. "हं." मग मध्यंतराच्या तोंडाशी पेनल्टी मिळाली आणि तिच्यावर बरोबरी झाली. उत्तरार्धात आपल्या पोरानं दुसरा घातला. त्यानंतरचा सगळा वेळ काकू डोळे मिटून, मोडा घट्ट धरून बसल्या होत्या. शिटी वाजली. दोन-एक. इराणला हरवलं होतं आपण! मी ओरडलो, माझी बायको ओरडली, शेजारचे काय झालं म्हणून कुंपणापाशी आले.

भाऊसाहेब डोळे पुसत होते. मी पाहिलं.

काकू आत गेल्या होत्या. आम्ही बोलत होतो तोवर त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या. आम्हा सगळ्यांसाठी नाही, दोनच कप. त्यांचे ते पायरीवरचे, निळ्या काठाचे. एक त्यांनी भाऊसाहेबांसमोर धरला. आल्याचा वास आला.

भाऊसाहेबांनी कपाकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "ही पात्रता फेरी आहे," ते म्हणाले.

"जिंकले ना?"

"जिंकले. पण हे आशियाच्या आधीचं आशिया झालं. जग नाही. पात्रता फेरी म्हणजे साखरपुडा. लग्न नव्हे."

"साखरपुड्याला लोकांना चहासुद्धा देत नाहीत का?" काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या. "आणि इराणकडचा अर्धा कप आला की नाही परत? मग एक कप घ्यायला काय हरकत आहे?"

माझी बायको खुदकन हसली. मला वाटलं आता घेतील. कोणीही घेतला असता. भाऊसाहेबांचा हात गुडघ्यावरून हलला, मी शपथेवर सांगतो, हलला. मग परत गुडघ्यावर गेला.

"नेम आहे," ते म्हणाले. "आता काय, उन्हाळ्यात आशियाची स्पर्धा. तिथून पुढे गेले की जग. थोडंच राहिलं."

"बरं," काकू म्हणाल्या. ट्रे घेऊन आत गेल्या. रागावल्या नाहीत, काही नाही. त्यांनी मग आम्हा सगळ्यांना चहा करून दिला. मला मात्र त्या क्षणी भाऊसाहेबांचा इतका राग आला की चहा तसाच ठेवला. वेडेपणा गमतीचा असतो तोवर असतो. मी वर निघून गेलो आणि बायकोला म्हणालो, हा माणूस कसला भाऊसाहेब, हा दगड आहे.

त्याच मार्गशीर्षात, महिना संपायच्या आत, काकू गेल्या. एका सकाळी माझ्या नळाला पाणी आलं नाही. टाकी भरली नव्हती, म्हणजे मोटर लागली नव्हती. खाली गेलो तर भाऊसाहेब पलंगाशेजारी खुर्चीवर ताठ बसले होते, काकूंचं मनगट हातात धरून. "झोपेतच," ते म्हणाले. डॉक्टर येऊन गेले तरी ते मनगट सोडेनात. शेवटी लेक भोपाळहून आली आणि तिनं बोटं सोडवली.

त्यानंतरचे दिवस ते भेटायला येणाऱ्यांना नमस्कार करायचे. मनगट कोणाचं दाबलं नाही. लेकीनं दहाव्याच्या आदल्या दिवशी मला आणि माझ्या बायकोला बसवून सांगितलं, "आईचं एकच राहिलं होतं. सगळ्यांना माहीत आहे. उद्या कावळा शिवणार नाही. बाबांना तिथे सांगावंच लागेल." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, सांगाल ना?"

"बघू," भाऊसाहेब म्हणाले.

सकाळी निघायच्या आधी ते जिना चढून आमच्या दारात उभे. माझ्या बायकोला विचारतात, "सूनबाई, चहापत्ती किती घालायची?" तिनं करून देते म्हटलं तर नाही म्हणाले. ती खाली गेली तेव्हा आलं किसायला घेतलं होतं त्यांनी, बोट सोलून घेतलेलं. तो चहा त्यांनी थर्मासमध्ये भरला. निळ्या काठाचे दोन कप फडक्यात गुंडाळले. गाडीत पूर्ण वाट थर्मास दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी गाडी चालवत होतो. मला कळलं, आणि माझा राग गेला.

क्षिप्रेच्या घाटावर गुरुजींनी विधी केले, पिंड मांडले. भाऊसाहेब स्वतः बसले होते, मुलगा नाही म्हणून. गल्लीतले दोघेचौघे आले होते. त्यांतला एक शेजारी माळवी, त्याला हे नवीन. मला हळूच म्हणाला, "भिया, अब क्या करना है?" मी सांगितलं, आता सगळ्यांनी मागे सरायचं आणि कावळ्याची वाट बघायची. तो शिवला म्हणजे गेलेल्याच्या मनात काही राहिलं नाही. नाही शिवला तर घरच्यांनी पुढे होऊन सांगायचं, की तुमची इच्छा आम्ही पुरी करू. मग शिवतो. कधी कधी दोन-दोन तास लागतात.

"और काकी की इच्छा?"

मी थर्मासकडे बोट दाखवलं.

भाऊसाहेब उठले. पुढे होऊन हात जोडायच्या तयारीत, ओठ हलत होते. जुळवाजुळव केली असणार रात्रभर. गुरुजी म्हणाले, "मागे या, भाऊसाहेब, आधी वाट तर बघू."

ते मागे वळले, दोन पायऱ्या चढले, आणि कावळा आला. आम्ही अजून नीट सरलोही नव्हतो. समोरच्या झाडावरून सरळ खाली उतरला, इकडेतिकडे न बघता पिंडाला चोच लावली आणि खायला लागला.

"शिवला!" कोणीतरी म्हणालं. लेकीनं तोंडावर पदर घेतला आणि रडायला लागली. गुरुजींनी हात जोडले. "भाग्यवान. समाधानानं गेल्या हो. काही ठेवलं नाही मागे."

भाऊसाहेब तसेच उभे होते. मग झपाझप खाली उतरले. "थांब," ते कावळ्याला म्हणाले. "थांब, थांब. मला बोलायचं आहे." कावळा उडून बाजूच्या दगडावर बसला. ते गुरुजींकडे वळले. "पुन्हा मांडा."

"काय?"

"पिंड पुन्हा मांडा. मी सांगितलंच नाही अजून."

"पुन्हा नसतं, भाऊसाहेब," गुरुजी म्हणाले. "एकदा शिवला की शिवला. चांगलं झालं ना."

मी खाली जाऊन त्यांचा दंड धरला. त्यांना पायरीवर बसवलं. म्हणालो, "भाऊसाहेब, थंडीचे दिवस. भूक लागली असेल कावळ्याला."

"नाही," ते म्हणाले. "ती तशीच होती. दुसऱ्यांदा मागायचीच नाही."

कावळा परत येऊन खाऊ लागला होता. भाऊसाहेबांनी फडकं सोडलं, दोन्ही कप पायरीवर शेजारी शेजारी ठेवले आणि थर्मासमधला चहा दोन्हींत ओतला. थोडा पायरीवर सांडला. एक कप त्यांनी आपल्या डाव्या हाताला सरकवला. दुसरा उचलला.

"पात्रता फेरी धरली," ते म्हणाले. मग थोडं मोठ्यानं, ऐकू येणार नाही इतक्या दूर कोणी बसलं असावं तसं, "धरली गं!" आणि चहा प्यायले.